गाठ गावाबाहेर नेण्याबाबत

आमच्या गावातून काहीही बाहेर जायचं असलं की ग्रामसभेचा ठराव लागतो. बांबू असो, तेंदूपत्ता असो, मोह असो की हिरडा, आधी सगळे बसतात, बोलतात, भांडतात, आणि शेवटच्या माणसाची मान हलल्याशिवाय गाडीला वाट मिळत नाही. कुरखेडा तालुक्यात अशी बरीच गावं आहेत. आमच्याकडे बहुमत चालत नाही. सगळे हो म्हणाले आणि एकजण नाही म्हणाला, तरी विषय पुढच्या सभेत जातो. हे सगळं लिहायचं काम सभेची सचिव म्हणून माझ्याकडे आहे. मी अंगणवाडी सेविका, त्यामुळे रजिस्टर लिहायची मला खोडच लागली आहे. पोरांची वजनं, खिचडीचे तांदूळ, गरोदर बायांच्या गोळ्या, सगळं रेघा मारून. म्हणून माझ्या डोक्यातली गाठ गावाबाहेर नेण्याचा विषय जेव्हा सभेपुढे आला, तेव्हा तोही मीच लिहिला. अक्षर त्या दिवसांत जरा तिरकं पडत होतं, पण वाचता येतं.

गाठ डोक्यात डाव्या बाजूला होती, बोलण्याच्या जागेला लागून. आहे, असंच म्हणायला हवं, पण होती म्हटलं की बरं वाटतं. तिची पहिली खबर मला अंगणवाडीतल्या पोरांनी दिली. खिचडी वाढायच्या वेळी मी म्हणाले, सगळ्यांनी आपापली चप्पल घेऊन बसा. मला ताटली म्हणायचं होतं. पोरं महाहुशार, दारात जाऊन खरंच एकेक चप्पल घेऊन रांगेत बसली. मी खेकसले तर एक चिमुरडी म्हणते, "बाई, तूच तं म्हनली." आठवडाभर हेच चाललं. झाडूला घागर म्हणायचे, मंगळवारला मामा. मग एक दिवस धान साठवायच्या ढोलीजवळ उभी असताना झटका येऊन पडले आणि नवऱ्यानं मला नागपूरला नेलं.

तिथं ऑपरेशन झालं, डोक्याला मशीनचा शेक दिला, केस गेले, आणि मग महिन्यातले पाच दिवस घ्यायच्या कॅप्सूल सुरू झाल्या. माझा नवरा धानशेती करतो आणि शक्यतो बोलत नाही. पण त्या कॅप्सूलचं लांबलचक इंग्रजी नाव त्यानं असं पाठ केलं होतं की मेडिकलवाला त्याला कंपाउंडर समजायचा. ऑपरेशननंतर दोन महिने मला त्याचं नाव आठवत नव्हतं. तशीही मी त्याचं नाव घेत नाही, आमच्याकडे बायका घेत नाहीत. पण न घेणं वेगळं आणि न आठवणं वेगळं. तो जेवायला बसायचा, मी त्याच्याकडे बघत राहायचे आणि आत शोधशोध शोधायचे. तिथं काहीच नसायचं. हे मी कोणाला सांगितलं नाही.

पुढे शब्द परतले, नावही परतलं, आणि दीड वर्ष मी नेहमीसारखी भांडत होते. त्यानंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि चष्मा काढला. डॉक्टरांनी चष्मा काढला की समजावं.

"बाई, गाठ परत वाढतेय. या पेशी आता औषधाला जुमानत नाहीत."

"माझ्याच आहेत, जुमानतील कशाला?" मी म्हणाले.

ते हसले नाहीत. त्यांनी कागदावर गोल काढून मला समजावलं. कॅप्सूल पेशीच्या आतलं लिखाण फाडून टाकते, त्यामुळे पेशी मरते. पण काही पेशी फाटलेलं पुन्हा जोडून घेतात. बाकीच्या मेल्या तरी या उरतात, आणि मग यांचाच गोतावळा वाढतो. आता जी गाठ दिसत होती ती अशा जोडून घेणाऱ्यांची होती. म्हणून त्यांचं म्हणणं होतं की दुसरं ऑपरेशन करू, निघेल तेवढी काढू, आणि त्यातला तुकडा प्रयोगशाळेत जिवंत ठेवून तिथं वेगवेगळी औषधं जोडीनं देऊन बघू. जी जोडी त्यांची जिद्द मोडेल ती मला द्यायचा विचार करता येईल. ऑपरेशन मात्र मला जागं ठेवून करावं लागणार होतं. बोलण्याची जागा जवळ आहे, तुम्ही बोलत राहायचं, म्हणजे आम्हाला कळेल कुठे थांबायचं, असं ते म्हणाले.

मी संमतीचा कागद घेतला आणि नवऱ्याला दिसायच्या आत पिशवीत कोंबला. मला ते ऑपरेशन करायचं नव्हतं. पुन्हा एकदा ताटासमोर बसून त्या रिकाम्या जागेत शोधायची माझी तयारी नव्हती. पण नाही म्हणण्याचीही छाती नव्हती, कारण नाही म्हटलं की का ते सांगावं लागतं. एसटीत ब्रह्मपुरी ओलांडेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते, आणि मग मला युक्ती सुचली. गावाबाहेर काही न्यायचं तर ठराव लागतो ना? मग लागू दे.

ही युक्ती का खात्रीची होती ते कळायला मोठीमाय माहीत असायला हवी. आमचं गाव गोंडांचं, त्यात आमची बौद्धांची चार घरं. मोठीमाय समोरच्या घरातली गोंडीण, सत्तरीच्या पुढची, नात्यानं माझी कोणी नाही आणि हक्कानं सगळ्यांची मोठीमाय. सभेत तिची हरकत नाही असा विषय मी आजवर लिहिलेला नाही. सौरदिव्याला तिची हरकत, रस्त्याच्या वळणाला हरकत, तेंदूच्या ठेकेदाराच्या टोपीलासुद्धा एकदा हरकत होती. एकेक विषय ती तीन-तीन सभा अडवते, आणि गंमत म्हणजे पुष्कळदा शेवटी तिचंच बरोबर निघतं. तिच्यापुढे माझा कागद गेला की ऑपरेशनची तारीख आपोआप मरेल, आणि दोष ना माझा ना डॉक्टरांचा. मी डॉक्टरांना फोन केला.

"साहेब, आमच्याकडे गावाबाहेर काही न्यायचं तर सभा बसते."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बाई, गाठ तुमची आहे."

"गाव माझं आहे ना, साहेब."

"लवकर बसवा," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. नवऱ्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

सभा दुपारी समाजमंदिरासमोर भरली. विषय चार होते. बांबूची तोड, बोअरवेलचा पंप, जंगल राखणीच्या पाळ्या, आणि चौथा माझा. लोक कंटाळले की मगच तो यावा म्हणून मीच तो शेवटी घातला होता. संमतीचा कागद मी वाचला तोही शक्य तितका रटाळ, आदेश वाचावा तसा. तरी पेंगणारे जागे झाले. पहिला प्रश्न आला की याला वाहतूक पास लागेल का, कारण नाक्यावर फॉरेस्टवाले गाडी थांबवतात. दुसऱ्यानं विचारलं, "केवढी आहे? पोत्यात नेतीन का?" मी म्हणाले, चण्याएवढा तुकडा. तिसऱ्याला जाणून घ्यायचं होतं की काम झाल्यावर वापस देतीन का. अध्यक्षांनी गंभीरपणे मला सांगितलं की हा मुद्दा लिहून घ्या, आणि मी लिहून घेतला. माझं काम फत्ते होत होतं. मग मोठीमायनं काठी आपटली.

"हे डोस्कं कोनाचं?"

"माह्यं."

"मंग गावाले काऊन इचारून राह्यली?"

"गावाबाहेर जाणार आहे ना, मोठीमाय. नियम आहे."

"बांबू गावाचा. मोहा गावाचा. डोस्कं कधीपासून गावाचं झालं वं?"

तिच्या सगळ्या हरकती मी धरून चालले होते, ही एक सोडून. मी मान खाली घालून रजिस्टरात काहीतरी लिहायला लागले.

"लिहू नको. इकडं पाह्य." मी पाहिलं. "भेव लागून राह्यलं का तुले?"

सगळ्या गावासमोर, बायाबापे, सासरे, दीर, अंगणवाडीतली पोरं, आणि मागे कडुलिंबाला टेकून उभा नवरा. मी हो म्हणाले आणि रडायला लागले. चांगली भोकाड पसरून रडले. आणि एकदा तोंड उघडल्यावर मग सगळंच बाहेर आलं, की मागच्या खेपेला दोन महिने मला याचं नाव आठवत नव्हतं, आणि या वेळी गेलं तर परत येईल कशावरून. नवऱ्याला हे पहिल्यांदाच कळत होतं. त्यानं गमछा तोंडाला लावला.

मोठीमाय म्हणाली, "नाव गेलं तं आम्ही सांगू. आम्ही कायले आहो इथी? पन तू गेली तं नाव घ्याले कोन आहे?" मग तिनं सभेकडे पाहून घसा साफ केला. "माही हरकत नाई."

सभेत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एकदोन जण तर घाबरलेच, बुढीला बरं नाही की काय म्हणून. अध्यक्षांनी विचारलं, सर्वसहमती आहे का? हात वर गेले. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि शेवटी माझ्याकडे येऊन थांबले.

"बाई, तुहाच राह्यला."

खरंच माझाच राहिला होता. आख्ख्या गावात त्या दिवशी माझी एकटीची हरकत उरली होती, आणि सगळं गाव माझ्या हाताकडे बघत बसलं होतं. घाई कोणालाच नव्हती. आमच्याकडे नसतेच. मी पेन खाली ठेवलं आणि हात वर केला. मोठीमायनं लगेच अट घातली, कारण नुसतं हो म्हणणं तिला सोसत नाही. त्या गाठीतून जे काय समजेल ते त्या लोकांनी इथं येऊन गावाला सांगायचं.

दवाखान्यात माझा संमतीचा कागद पोचला तेव्हा त्याला सगळ्या गावाच्या सह्यांची आणि अंगठ्यांची पानं जोडलेली होती, आणि ग्रामसभेचा गोल शिक्का. काउंटरवरच्या माणसानं तो उलटासुलटा करून पाहिला आणि मला विचारलं की तुमच्यावर काही केस चालू आहे का. प्रयोगशाळेतली मुलगी मात्र पान न् पान वाचत बसली. ही सांगलीकडची, माझ्या गाठीसारख्या गाठींवर पीएचडी करणारी, आणि तिचे डोळे सदानकदा झोप राहिल्यासारखे. वापस देतीन का हा मुद्दा वाचून ती इतकी हसली की तिला खुर्ची शोधावी लागली. तिनं आपल्याजवळ ठेवायला एक झेरॉक्स मागितली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला चित्रं दाखवून विचारलं की तुम्ही याला काय म्हणता, आणि मी जे जे म्हटलं ते लिहून घेतलं. ऑपरेशनमध्ये तीच चित्रं पुन्हा. डोकं उघडं, मला काही दुखत नाही, आणि मी आपली मोर, कुदळ, मडकं असं पोरांना शिकवावं तसं म्हणतेय. एका चित्राशी मी अडले. मला ते ओळखू येत होतं, माझा हात चादरीखाली धान कापायची खूणही करत होता, पण शब्द येईना. डॉक्टर म्हणाले, थांबा, आणि ते तिथं थांबले. म्हणून गाठीचा काही भाग आत राहिला. विळा हा शब्द मला आजही जरा उशिरा येतो, पण येतो. नवऱ्याचं नाव गेलं नाही. शेवटी टाके घालताना मला झोपवलं होतं, त्यातून जाग आल्यावर मी पहिल्यांदा तेच तपासलं, आणि रीतभात गुंडाळून ठेवून मोठ्यानं घेतलं. तो दाराशी उभा होता. भलताच लाजला.

माझ्या शेजारच्या खाटेवर भामरागडच्या पलीकडची एक माडिया बाई होती, माझ्याहून लहान. तिचाही तोच आजार. तिला मराठी येत नव्हती आणि मला त्या आठवड्यात जेमतेम येत होती, त्यामुळे आमचं छान जमलं. ती तिच्या भाषेत काहीतरी सांगायची, मी हाताखुणांनी उत्तर द्यायचे, आणि दोघी हसायचो. नंतर महिन्याच्या तपासणीला आमची गाठ पडायची. पावसाळ्यात पुराचं पाणी चढून त्यांचा रस्ता तुटला तेव्हा ती आली नाही. पाणी उतरल्यावर आली तेव्हा तिच्याही पेशी कॅप्सूलला जुमानेनाशा झाल्या होत्या, आणि ती आता तिच्या भाषेतही बोलत नव्हती.

माझ्या पेशी प्रयोगशाळेत कशा आहेत ते बघायचा मी हट्ट धरला. सांगलीच्या मुलीनं मला टोपी घातली, जोडे बदलायला लावले आणि उबदार कपाटातून एक चपटी बाटली काढली. आत गुलाबी पाणी. ते त्यांचं जेवण, आणि ते दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं. सुट्टी असो, सण असो, ती पोरगी येऊन त्यांना जेवू घालायची. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर उपटलेल्या रोपाच्या मुळांसारखं काहीतरी एकमेकांत गुंतलेलं दिसलं. माझ्या डोक्यात राहून माझे शब्द खाणाऱ्या त्याच या, आणि इथं आयतं खात बसलेल्या. मला राग आला.

"काऊन वं," मी बाटलीला म्हणाले, "आयकत काऊन नाई?"

मुलगी म्हणाली, मीही त्यांना हेच विचारते. मग तिनं सांगितलं की कॅप्सूलमधलं औषध दिलं की या अगदी मेल्यासारख्या पडतात. हलत नाहीत, वाढत नाहीत. तिला वाटतं जिंकलो. औषध काढून घेतलं की काही दिवसांनी एकेक करून उठतात. मला हसू आलं. अंगणवाडीत दुपारी झोपा म्हटलं की पोरं अगदी असंच करतात, मी दाराबाहेर गेले की पाठोपाठ धिंगाणा. तिला मी म्हणाले, नुसतं झोपवून उपयोग नाही, कोणीतरी दारात बसायला पाहिजे. ती म्हणाली, तेच करून बघतेय, मावशी. दुसऱ्याच कुठल्या आजाराचं एक जुनं औषध तिनं धरलं होतं. ते या पेशींना मारत नाही, पण फाटलेलं जोडायचं त्यांचं जे काम असतं त्यात खोडा घालतं. एकट्या कॅप्सूलनं त्या मरत नव्हत्या, एकट्या या औषधानंही नाही. दोन्ही मिळून काय होतं ते बघायचं होतं, आणि एकदा बघून भागत नव्हतं. पुन्हा पुन्हा बघायचं, आणि दरवेळी तेच दिसलं पाहिजे.

त्यात पावसाळा गेला. मी गावात आंबील पीत बसले होते आणि आत राहिलेला भाग काय करत असेल याचा विचार न करण्याचा प्रयत्न करत होते. धान फुलोऱ्यावर असताना तिचा फोन आला. ती इतकी भरभर बोलत होती की मला एवढंच कळलं, उठल्या नाहीत. दोन्ही औषधं दिली, काढून घेतली, ठरलेले दिवस वाट पाहिली, वरून आणखी पाहिली, आणि त्या उठल्या नाहीत. मग डॉक्टरांच्या बैठका झाल्या, परवानग्या झाल्या, मी अजून बारा ठिकाणी सह्या केल्या, या वेळी गावाला न विचारता, आणि मला दोन्ही औषधं सुरू झाली. डॉक्टरांनी आधीच बजावलं, बाटलीत झालं ते डोक्यात होईलच असं नाही. ओकाऱ्यांनी जीव नकोसा झाला. नवऱ्याच्या हातचं वरण मी त्या दिवसांत जितकं ओकले तितकं कोणाचंच ओकले नसेन, आणि तो बिचारा दुसरं करायचा. धान कापून झाल्यावरच्या तपासणीत डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि चष्मा डोळ्यांवर राहू दिला. गाठ वाढली नव्हती. गेलीही नव्हती. वाढली नव्हती, एवढंच. आम्ही दोघांनी दवाखान्याबाहेर येऊन एकेक प्लेट तर्री-पोहे खाल्ले, आणि ते माझ्या पोटात राहिले.

अट होती म्हणून सांगलीची मुलगी गावाला आली. कुरखेड्यापर्यंत एसटीनं, पुढे नवऱ्याच्या मोटारसायकलवर. तिनं लॅपटॉप आणला होता आणि आम्ही पांढरी चादर बांधली होती, पण भर दुपारच्या उन्हात चादरीवर काही दिसेना. मग तो लॅपटॉप समाजमंदिरात ठेवला, आणि सगळं गाव रांगेनं आत जाऊन माझ्या पेशी बघून आलं. एका म्हाताऱ्यानं मला बाहेर येऊन सांगितलं, "पाह्याले बऱ्या आहेत." मग तिनं सगळं सांगितलं. जोडून घेणं, मेल्याचं सोंग, दारात बसणारं दुसरं औषध. शेवटी म्हणाली, दोन्ही मिळून दिल्यावर त्या मेल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आणि खरं सांगते, आत कुठेतरी मला त्यांचं वाईटही वाटलं. माझ्याच होत्या शेवटी.

टाळ्या थांबल्यावर तिनं गावाला एक गोष्ट मागितली. काही पेशी औषध न देता तिनं गोठवून ठेवल्या होत्या. त्या तशाच ठेवायची परवानगी हवी होती, पुढची औषधं तपासायला. कागदावर माझी सही पुरली असती. पण ती आमच्या गावाला आता ओळखत होती.

मोठीमायनं विचारलं, "ठेवल्या म्हनजे? मेल्या म्हनली ना तू आत्ता?"

"त्या वेगळ्या, आजी. या जिवंत आहेत. थंडीत झोपवून ठेवल्यात."

"कवापरेंत जगतीन?"

"खूप वर्षं राहतात."

मोठीमायनं काठीनं माझ्याकडे दाखवलं. "अना हे?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. तिनं खोटं सांगितलं नाही याचं मला आजही कौतुक वाटतं. "ते मला सांगता येत नाही, आजी."

"म्हनजे हे गेली तरी ते राहतीन."

"हो."

"मंग नाई," मोठीमाय म्हणाली. "माही हरकत आहे. इच्या डोस्क्यात बसून इलेच खाल्लं, अना इच्या मागं तेच जगतीन? जाळून टाका म्हना."

अध्यक्षांनी समजावलं, पोरगी समजावत होती, कोणाचं काही चालेना. मग मी उठले. एके काळी हिच्या हरकतीवर भिस्त ठेवून मी याच जागी बसले होते, आणि आता तीच हरकत मला काढायची होती. आधी मी सचिवासारखं बोलून पाहिलं, नियम, मागचे ठराव. ती माझ्याकडे बघेचना. म्हणून मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"मोठीमाय, माह्यासाठी जे भेटाचं होतं ते भेटलं. हे माह्यासाठी नाई. माह्या बाजूच्या खाटेवर भामरागडकडची एक बाई होती. तिच्यायनं आता बोलवत नाई. बाटलीतल्या पेशींनी काही शिकवलं, तवापरेंत तिले उशीर झाला होता. तिच्या मागून जे येतीन त्यायच्यासाठी माह्या राहू दे."

तिनं माझ्यावरची नजर काढली. काठीच्या टोकानं मातीत रेघा मारत होती.

"एक अट," ती म्हणाली. "त्या पेशी कशा आहेत, काय शिकवून राह्यल्या, ते दर सालच्या सभेत सांगा लागन."

"मी येईन, आजी," मुलगी लगेच म्हणाली. "नाही जमलं तर फोनवर—"

"तू नाई." काठी पुन्हा माझ्याकडे आली. "हे सांगन. सोता उभी राहून."

"मोठीमाय, ते का माह्या हातात आहे?"

"मले नाई माहीत. मान्य असन तं लिही. नाई तं माही हरकत आहे."

 नवरा कडुलिंबाखाली ताठ उभा होता. मी रजिस्टर मांडीवर घेतलं आणि लिहिलं, सदर पेशींची खबर सचिव बाईंनी दरवर्षी ग्रामसभेत स्वतः हजर राहून सांगावी. अटीपुढे मुदत लिहावी लागते, म्हणून मी मान वर न करता विचारलं, "किती सालं लिहू?"

"सालं लिहू नको," मोठीमाय म्हणाली.

मी ती जागा कोरी सोडली आणि खाली सही केली.